कुवारबावचं कार-एसी गॅरेज : आधी काटा, मग पाना

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना पुढचं चऱ्हाट वाचायचं नाही त्यांची सुटका. एसी लावला की तुमच्या गाडीचं इंजिन दम टाकत असेल, चढावर एकेक गिअर खाली आणावा लागत असेल आणि कुणीतरी "कॉम्प्रेसर गेलाय, बदला" असं सांगितलं असेल, तर रत्नागिरीकरांनो, खिशात हात घालण्याआधी कुवारबावचं कार-एसीचं गॅरेज गाठा. पाचपैकी चार गुण. एक गुण कापलाय तो वेळेबद्दल आणि कागदाबद्दल. त्यावर पुढे बोलतेच.

गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच मनाई केली आहे. "दोन पोरं नि मी, वयनी. उद्या पंधरा गाड्या येऊन उभ्या ऱ्हायल्या तर मी काय करू?" सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणते. कुवारबावात कुठल्याही रिक्षावाल्याला एसीवाले चाचा विचारा, तो बोट दाखवील. पत्र्याची शेड आहे, दारात फणस आहे आणि फणसाखाली बोनेट वासून उभ्या असलेल्या गाड्या.

आता माझी गाडी. हजार सीसीची, तीन सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी, वयाने बऱ्यापैकी जुनी. कंपनीचं नाव सोडून देऊ, या आकाराच्या सगळ्याच गाड्यांना हे लागू आहे. मी आमसुलं, कोकम आगळ, आंबापोळी आणि आंब्याच्या मावा-वड्या करून कोल्हापुरातल्या दुकानांना देते. आगळाच्या बाटल्यांना ऊन लागलं तरी काही होत नाही. वड्या मात्र मे महिन्यात तापलेल्या गाडीत साखरप्यापर्यंतच तूप सोडायला लागतात, आणि दुकानदार डबा उघडून नुसता आपल्याकडे बघतो. त्यामुळे एसी मला मालासाठी लागतो. माझा घाम मी पुसू शकते.

रस्ता ठरलेला. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि मग आंबा घाट. सपाटीला गाडी छान पळायची, एसी चालू आहे की बंद हे कळायचंसुद्धा नाही. नाणिजच्या चढांवर जरा जड वाटायची. साखरपा सोडून घाट सुरू झाला की खरा तमाशा. तिसरा गिअर टिकायचा नाही, दुसऱ्यात इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलत्येय की नाही असं वाटायचं. मागे एसटी हॉर्न देतेय, पुढे ट्रक रांगतोय. एसीचं बटण बंद केलं की दोन क्षणांत कुणीतरी मागून दोर सोडल्यासारखी गाडी सुटायची. शहरात दुसरीच तऱ्हा. मारुती मंदिराच्या चौकात थांबलं की एसी चालू होताना इंजिन थरथरायचं, एखाद्या वेळी बंदही पडायचं.

यावर घरचं मत असं, की छोट्या गाडीला एसी लावला की हे असंच होतं, काच खाली कर. आमच्या ह्यांचं हे मत गाडी घेतली त्या दिवसापासून आहे आणि ते अर्धं खरं आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने गाडी सुरू करून, नुसता कान देऊन कॉम्प्रेसर बदलायला सांगितला. २२,००० रुपये, शिवाय गॅस वेगळा. त्याने काही मोजलं नाही. मी विचारलं, कशावरून? तर म्हणे, अनुभवावरून.

त्याचं वय पाहता अनुभव कधी जमवला असेल हे मला कळेना, म्हणून मी चाचांकडे गेले.

चाचांनी बोनेट उघडलंच नाही. आधी स्वतः गाडी चालवली, मला शेजारी बसवून. जवळच्या चढावर एकदा एसी बंद ठेवून नेली, एकदा चालू करून. त्यांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला एक छोटी डबी लावली होती आणि मोबाइलवर आकडे येत होते. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलेली, त्यामुळे आकडे दिसले की मान आपोआप वळते. इंजिनावरचा भार टक्क्यांत, आरपीएम, पाण्याचं तापमान, सगळं तिथे. एसी बंद असताना चढावर इंजिन नीट ओढत होतं. म्हणजे प्लग, एअर फिल्टर, क्लच प्लेट यांच्यावरचा संशय तिथल्या तिथे बराचसा गेला. चाचांचा मुद्दा साधा होता. इंजिनच अशक्त असेल तर ते एसीशिवायही थोडं रडतं, एसी लावल्यावर ते रडणं फक्त मोठं होतं. "इंजिन चांगला हाय वयनी. त्याच्या मानेवर कोण बसलाय तो बघू."

इथे थोडं थांबून आमच्या ह्यांच्या अर्ध्या खऱ्या मताबद्दल लिहिते, कारण गॅरेजमध्ये मी पहिला प्रश्न तोच विचारला होता : किती ताकद जाणं साहजिक आहे?

गाडीतला एसी विजेवर चालतो असं पुष्कळांना वाटतं. विजेवर चालतात ते फक्त पंखे. खरं काम करणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. एसीचं बटण दाबलं की त्याच्या पुलीतला चुंबकी क्लच टक्क करून चिकटतो आणि त्या क्षणापासून इंजिन गाडीबरोबर एक पंपही ओढायला लागतं. छोट्या गाडीचा कॉम्प्रेसर दोन ते चार अश्वशक्ती खातो. गाडीच्या पुस्तकात माझ्या इंजिनाची ताकद ६७ लिहिली आहे, मग चार गेले तर बिघडलं काय? घोडं पेंड खातं ते इथे. ते ६७ मिळतात ५,५०० आरपीएमला. घाटात आपण तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारावर रेंगाळत असतो. तेव्हाचा टॉर्क ८० न्यूटन-मीटर धरा, त्याला २,००० ने गुणा आणि ७,१०० ने भागा. साधारण साडेबावीस अश्वशक्ती येते, तीही ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तर. त्यातून चार वजा करा. म्हणजे सहावा हिस्सा गेला, आणि तोही नेमका गाडीत माल भरलेला असताना, चढावर. त्यामुळे छोट्या गाडीत एसीचा भार जाणवणारच. ज्याला तो जाणवत नाही त्याच्याकडे मोठं इंजिन आहे किंवा तो घाट चढलेला नाही.

त्यात कोकणची हवा. मे महिन्यात रत्नागिरीचा पारा ३३-३४ च्या पुढे सहसा जात नाही, कोल्हापूर त्याहून जास्त तापतं. तरी एसीला जड जातं ते आपल्याकडे, कारण त्याला हवा थंड करण्याआधी तिच्यातलं पाणी पिळून काढावं लागतं. एक किलो कोरडी हवा एका अंशाने थंड करायला एक किलोज्यूल उष्णता काढली की झालं. एक लिटर पाणी हवेतून बाहेर काढायला मात्र सुमारे अडीच हजार किलोज्यूल लागतात. रत्नागिरीत गाडी एसी लावून उभी केली की खाली थारोळं साचतं. मलकापूरच्या पुढे चहाला थांबलं तर चार थेंब. ते थारोळं इंजिनाने पेट्रोल जाळून काढलेलं असतं.

हे सगळं धरूनही माझ्या गाडीचं रडणं जास्त होतं. चाचांनी शेडमध्ये आल्यावर दोन घड्याळांचा गेज जोडला. एक निळं, एक तांबडं. निळं कमी दाबाच्या बाजूचं, तांबडं जास्त दाबाच्या. त्या दिवशीच्या हवेत तांबडा काटा २०० पीएसआयच्या आसपास हवा होता. तो ३२० च्या पुढे. निळाही हवा त्यापेक्षा वर. कॉम्प्रेसर खरोखर गेलेला असता तर तांबडा काटा इतका वर चढलाच नसता, उलट निळा वर नि तांबडा खाली असं दिसलं असतं. सर्व्हिस सेंटरच्या मुलाचं निदान या एका मिनिटात निकालात निघालं. कॉम्प्रेसर धडधाकट होता, त्याच्यासमोर भिंत उभी होती. भिंतीवर ढकलायला जास्त जोर लागतो आणि तो जोर इंजिनाच्याच खिशातून जातो.

पुढे चाचांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना पाचातला अर्धा गुण जास्तीचा द्यायला तयार आहे. पोराला म्हणाले, पाइप आण. आणि रेडिएटरच्या पुढे जी जाळी असते, कंडेन्सर, त्याच्यावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारला. मला म्हणाले, काट्याकडे बघा. काटा माझ्या डोळ्यांदेखत ३२० वरून २४० पर्यंत घसरला. त्याच क्षणी इंजिनाचा आवाजही हलका झाला, मोबाइलवर भाराचा आकडा उतरला. पाणी थांबवलं, काटा परत वर. फुकटातली चाचणी. तिने एवढं सिद्ध झालं की गॅसची उष्णता बाहेर पडत नाहीये. केबिनमधून ओढलेली सगळी उष्णता त्या जाळीतून वाऱ्यावर टाकायची असते. ती टाकता आली नाही की दाब चढतो.

मग बंपर उतरवला. जाळी आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत काय नव्हतं! मिऱ्या-नागपूर महामार्गाचं काम चाललंय तिथली लाल माती, पावसात भिजून उन्हात भाजलेली. आरे-वारेच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या काड्या. आंब्याचा वाळलेला मोहोर, एक अख्खं फुलपाखरू. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसत होती, कारण धुणारी पोरं समोरूनच पाणी मारतात. खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांची खालची ओळ पांढरी होऊन भुगा व्हायला आली होती. समुद्राकाठच्या गाड्यांचं हे दुखणं घाटावरच्या मेकॅनिकला लवकर सुचत नाही. चाचांना मिऱ्याच्या आणि भाट्याच्या गाड्या पाहून सवय आहे, त्यांनी आधी तिथेच हात लावला.

दुसरं सापडलं ते पंख्याचं. माझ्या गाडीला रेडिएटरचा आणि एसीचा मिळून एकच पंखा आहे. तो फिरत होता, पण आळसावून. मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले. सपाटीला ऐंशीच्या वेगात समोरून वारा मिळतो, पंख्याचं तिथे फारसं काम नाही, म्हणून हायवेवर सगळं गोड. घाटात गाडी वीस-पंचवीसवर येते, वारा थांबतो, सगळी मदार पंख्यावर, आणि पंखा असा. म्हणजे इंजिनाला ताकदीची सगळ्यात जास्त गरज असते त्याच वळणावर कॉम्प्रेसर सगळ्यात जड होत होता. माझी गाडी फक्त आंबा घाटातच का मरते, कोल्हापूरच्या रिंग रोडला का नाही, याचं उत्तर मला तिथे मिळालं. ते अजून कुणी दिलं नव्हतं.

तिसरी गोष्ट गॅस. मागच्या वर्षी आमच्या ह्यांनी हायवेवरच्या एका दुकानात गॅस भरून आणला होता. तिथली पद्धत म्हणजे भरत राहायचं आणि मधून मधून विचारायचं, "गार लागतंय ना?" चाचांनी यंत्राने सगळा गॅस काढून घेतला आणि वजन केलं. बोनेटच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेलं ३५० ग्रॅम, निघाला ४७० च्या वर. चाचा काट्याकडे बघून म्हणाले, "कोनी भरलान ह्यो?" मी गप्प राहिले, हे बाहेर फणसाखाली फोनवर बोलत होते. जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा असा समज सगळीकडे आहे. प्रत्यक्षात जास्तीचा गॅस द्रवरूपात कंडेन्सरची जागा अडवून बसतो, उष्णता टाकायला जागा कमी पडते, दाब वाढतो आणि गारवा उलट कमी होतो. शिवाय त्या दुकानात व्हॅक्यूम केलेला नसणार, म्हणजे नळ्यांत हवा आणि दमटपणा राहिलेला. हवा काही केल्या द्रव होत नाही, ती नुसता दाब वाढवते.

हा गॅस आर-१३४ए. काढलेला गॅस चाचा हवेत सोडत नाहीत, यंत्राच्या टाकीत घेतात, गाळून पुन्हा वापरतात. पैसे वाचतात हे कारण ते सांगतात. एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं वातावरण तापवतो हे त्यांना माहीत असो नसो, बाकीच्यांसारखं फुस्स करून सोडून देत नाहीत एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

बिल सांगते, कारण परीक्षणात आकडे नसले तर ते वाचून उपयोग काय. गॅस काढणं, व्हॅक्यूम करणं, ऑइल आणि मोजून गॅस भरणं १,८०० रुपये. बंपर उतरवून कंडेन्सर आणि रेडिएटर दोन्ही बाजूंनी धुणं, वाकलेले पापुद्रे कंगव्याने सरळ करणं ७००. पंख्याची मोटर २,२००. पट्टा कडक होऊन चिरा पडलेला, तो ६५०. थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत, कार्बन साचलेला, त्याची सफाई ५००. एकूण ५,८५०. पाहणीचे वेगळे पैसे लावले नाहीत. दुरुस्ती न करता नुसतं तपासून नेलं तर ३०० घेतात, आणि ते घ्यायलाच हवेत.

थ्रॉटल बॉडीचं काम कशाला, हे मी विचारलं होतं, मला वाटलं बिल फुगवताहेत. एसी चालू झाला की इंजिनाचा कॉम्प्युटर हवा जरा जास्त सोडून आयडलिंग उचलतो, म्हणजे चौकात उभ्या गाडीला पंपाचा भार पेलतो. कार्बनने वाट चिंचोळी झाली की तो हवा देऊ बघतो आणि मिळत नाही. मारुती मंदिराची थरथर त्यातली. सफाईनंतर आरपीएमची सुई एसी लागताना क्षणभर दबते आणि लगेच ९०० ला येऊन बसते. पाचशे रुपये वसूल.

आता गाडी कशी आहे? त्यानंतर माल घेऊन आंबा घाट चढले. एसीचा भार आजही कळतो. तिसऱ्या गिअरचा हट्ट धरला तर गाडी आजही नाराज होते. पण दुसऱ्यात तीन हजारावर ठेवली की शेवटच्या वळणापर्यंत एसी चालू ठेवून, मागच्या एसटीला त्रास न देता वर येते. झरोक्यात थर्मामीटर धरला तर आधी १४ अंश दाखवायचा, आता ८-९. वड्या कोल्हापुरात कोरड्या उतरल्या. दुकानदाराने डबा उघडला आणि काही बोलला नाही, म्हणजे पावती मिळाली.

चाचांनी जाताना चालवण्याबद्दल जे सांगितलं ते मला गॅस भरण्याइतकंच मोलाचं वाटलं. माझ्यासारख्या साध्या, हाताने फिरवायच्या एसीत तापमानाचं बटण लालकडे फिरवलं की इंजिनाचा भार कमी होतो असं आपण समजतो. तसं काही होत नाही. कॉम्प्रेसर तेवढंच काम करतो आणि वर हीटरची गरम हवा मिसळून आपण त्याची मेहनत वाया घालवतो. भार कमी करायचा तर आतला पंखा एकने उतरवा आणि बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवा. गाडी लवकर गार होते आणि कॉम्प्रेसर मधून मधून सुटतो. उन्हात उभी असलेली गाडी आधी काचा उघडून एक-दोन मिनिटं चालवा, मगच एसी. अवघड वळणाच्या आधी बटण बंद केलं तर चालतं, आतला गारवा तेवढा वेळ टिकतो. पुष्कळ गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की कॉम्प्युटरच काही सेकंद कॉम्प्रेसर सोडवतो, त्यामुळे ओव्हरटेक करताना आत एकदम टक्क ऐकू आलं तर घाबरू नका. आणि पावसाळ्यात पेट्रोल वाचवायला एसी बंद ठेवू नका. आपल्या पावसात समोरची काच धुक्याने भरते ती एसीच्या कोरड्या हवेने लवकर साफ होते. फडक्याने पुसत परशुराम घाट उतरणारे लोक मी पाहिलेत.

आता कापलेल्या गुणाबद्दल. चाचा वेळ सांगतात ती पाळत नाहीत. "दुपारी न्या" म्हणाले, गाडी मिळाली दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला. फोन केला तर उचलत नाहीत, कारण हात ऑइलचे. नवीन मोटर कोल्हापूरहून यायची होती हे मला सकाळीच सांगता आलं असतं, मी त्या दिवशीची ऑर्डर दुसऱ्या गाडीने पाठवली असती. बसायला एक प्लॅस्टिकची खुर्ची आहे, तिच्यावर मांजर झोपतं आणि त्याला उठवलेलं चाचांना आवडत नाही. बिल वहीच्या पानावर. जीएसटीचं बिल मागितलं तर "टाकतो व्हॉट्सॲपवर" म्हणाले, अजून टाकलेलं नाही. माझ्यासारख्या धंदेवाल्या बाईला त्या कागदाचा उपयोग असतो. हमी तोंडी : "सहा महिन्यांत गारवा कमी झाला तर या." मी विश्वास ठेवला, तुम्ही ठेवावा असं म्हणत नाही. मोटरच्या खोक्यावर कंपनीचं छापील हमीपत्र होतं, ते मागून घ्या. स्वतःहून देत नाहीत.

बोलणं तिखट आहे. माझ्या समोर एका तरुणाने डब्यातलं गळती बुजवणारं औषध आणून "हे टाका, स्वस्तात होईल" म्हटलं, तर चाचांनी त्याला चार लोकांत असं झापलं की तो डबा पाठीमागे लपवून उभा राहिला. कारण बरोबर होतं, ते रसायन गळती बुजवता बुजवता एक्स्पान्शन व्हॉल्व्हही, म्हणजे गॅस जातो ती बारीक वाट, बुजवतं आणि गॅस काढणाऱ्या यंत्रालाही लागतं. पण पोराला बाजूला घेऊन सांगता आलं असतं.

हायब्रीड किंवा विजेवरच्या गाड्या ते घेत नाहीत. त्यातल्या बहुतेकांचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नसून उच्च दाबाच्या विजेवर असतो, ऑइलही वेगळं. "ते आमचा काम नाय," असं सरळ सांगून परत पाठवतात. डॅशबोर्ड उतरवून आतली इव्हॅपोरेटरची जाळी बदलायचं काम घेतात, पण मे महिन्यात आणि गणपतीच्या आधी नाही. त्या दिवसांत मुंबईहून येणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि चाचांचा आवाज मिरजोळ्यापर्यंत जातो.

गाडी न्यायची तर सकाळी नऊच्या आत न्या, तेव्हा चाचा स्वतः गेजवर असतात. नंतर पोरं पाहतात. पोरंही बरी आहेत, पण पाण्याच्या फवाऱ्याची चाचणी करताना ती तुम्हाला काट्याकडे बघायला बोलावत नाहीत, तुम्ही स्वतः जाऊन उभं राहायचं. गॅस भरताना स्टिकरवरचे ग्रॅम आणि यंत्रावरचे ग्रॅम दोन्ही मोबाइलवर टिपून घ्या, चाचांना त्याचा राग येत नाही. शुक्रवारी दुपारी एक ते अडीच शेड बंद.

कॉम्प्रेसरच्या पुलीच्या बेअरिंगला थोडी घरघर आहे, ती एसी बंद असतानाही येते. चाचांनी हात ठेवून पाहिलं आणि म्हणाले, हे आत्ता बदलायची गरज नाही, गणपती होऊन जाऊ देत, तेव्हा आणा, बेअरिंग आणि मजुरी मिळून हजाराच्या आत बसेल. तेव्हा खरंच हजारात बसलं की नाही, आणि तोपर्यंत ते जीएसटीचं बिल आलं की नाही, ते इथेच खाली लिहीन.